सव्वीस नंबरची टोपी

४ सप्टेंबर, सोमवार

मुंगे,

हात जड! माझा हात जड! सहा वर्षं मी या खोलीत लोकांच्या डोक्यांना टोप्या लावतेय. दोनशेच्या वर डोकी हाताखालून गेली. त्यात टकले होते, जटावाले होते, केसाला हात लागला की किंचाळणारी एक बाई होती. पण हात जड आहे असं लिहून द्यायची हिंमत एकाचीही झाली नाही. ती तू केलीस. शेवटच्या कागदावर 'काही गैरसोय झाली का' असं विचारलंय, त्याखाली तुझं ते फळ्यावरचं वळणदार अक्षर: 'टोपी लावणाऱ्या बाईंचा हात जड आहे.' बाईंचा! सख्ख्या बहिणीला 'बाई' म्हणतेस?

डॉक्टरबाईंनी वाचून दाखवलं. त्या कुणाचं नाव घेत नाहीत, नंबर सांगतात. "सव्वीस नंबरची तक्रार आहे हं तुमच्याबद्दल," म्हणाल्या आणि हसल्या. मी मनात म्हटलं, सव्वीस नंबरच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात, तेव्हा नव्हता जड. तोंडाने म्हटलं, "बरं, पुढच्या वेळी जपते."

तुला शेवटचं ठाऊक होतं तेव्हा मी पार्लरमध्ये केस धुवायचे. तिथूनच डॉक्टरबाईंनी मला उचलली. त्या केस कापायला आल्या होत्या. मी भांग पाडताना म्हणाल्या, "तुम्हाला टाळू दिसते पटकन. आमच्याकडे पदव्या घेतलेली माणसं आहेत, त्यांना केसांतून टाळू सापडत नाही." दुसऱ्या महिन्यात मी इथे. कुणी विचारलं काय काम करता, तर सांगते, लोकांना टोप्या घालते. पगारी.

आणि तुला वाटत असेल ही नुसती टोपी चढवते, तर तसं नाही. आधी बेसिनवर केस धुवायचे. मग नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत फीत धरायची, निम्म्यावर पेन्सिलची खूण. या कानापासून त्या कानापर्यंत तसंच. मग टोपी. तिला चौसष्ट भोकं. प्रत्येक भोकातून बोथट सुईने केस बाजूला सारायचे, टाळूला मलम टेकवायचं. पडद्यावर चौसष्ट लाल दिवे असतात, ते एकेक करून हिरवे होतात. त्यानंतर गोळी. कुणाला अळंबीपासून काढलेलं ते औषध, ज्याने भिंती हलतात आणि मेलेली माणसं बोलतात. कुणाला नुसतीच पांढरी पूड. कुणाला काय, ते आम्हालाही ठाऊक नसतं. आणि मशीन डोक्यातल्या लाटा काढत बसतं. औषधाने त्या लाटांचं काय होतं, ते डॉक्टरबाई मोजतात. माझा दिवा लाल राहिला तर त्यांना काही मोजता येत नाही. तेव्हा मी आहे म्हणून ते आहे. हे लक्षात ठेव.

दोनदा फोन केला. उचलला नाहीस. म्हणून लिहितेय. फाडायचं तर फाड, पण आधी वाच. आणि तो हात जड असल्याचा शब्द मागे घे.

ताई


९ सप्टेंबर, शनिवार

मुंगे,

परवाचं पत्र तापून लिहिलं होतं. आज थंड डोक्याने लिहितेय. उत्तर नाही आलं, ठीक आहे. पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं.

एक गोष्ट त्यात लिहिली नव्हती. जुलैत तू पहिल्यांदा आलीस, नुसती टोपी लावून बघायला, तेव्हा मी खोलीत आले आणि तुझी पाठ माझ्याकडे होती. मला कुणी नाव सांगितलं नव्हतं. पण तो टाळूवरचा दुहेरी भोवरा! त्याच्याभोवती भांग काढता काढता माझं अर्धं बालपण गेलं. मी फीत हातात घेऊन तशीच उभी. तू समोरच्या कपाटाच्या काचेत मला बघितलंस. सात वर्षांनी. आणि काय म्हणालीस? "पाणी फार गार नको."

मी म्हटलं, "कोमट आहे."

संपलं. सात वर्षांनी दोन सख्ख्या बहिणींचं एवढं बोलणं.

आता कबूल करते. दारावर मोठ्या अक्षरात नियम लावलाय, येणारी व्यक्ती ओळखीची असेल तर आधी सांगावं. मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तुला त्यांनी परत पाठवलं असतं. इथे कोण येतं ते मला माहीत आहे. ज्यांच्या छातीवर जुनं दुःख दगडासारखं बसलंय आणि हलतच नाही, ती माणसं येतात. तू मौजेखातर आली नव्हतीस. त्या दिवशी निघताना तू भरलेल्या कागदावर 'नातेवाईक किंवा परिचित येथे काम करतात का' असंही विचारलं होतं. त्यावर तूही 'नाही' लिहिलंस. म्हणजे चोरी दोघींची. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवतेस ना?

पण मी तुझे आभार मानते. उठून जाता आलं असतं तुला. नाही गेलीस. डोकं माझ्या हातात दिलंस.

सात वर्षांपूर्वीचं काय ते तुलाही माहीत आहे, मलाही. तरी एकदा कागदावर येऊ दे. चार वर्षं तुझे यजमान अंथरुणावर होते. तू शाळा करायचीस, घरी येऊन त्यांना उठवायचीस, बसवायचीस, भरवायचीस. हाडांची काडं झाली होती तुझी. ते गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, तुझी सासू शेजारी बसलेली, आणि मी आत शिरल्या शिरल्या म्हटलं, "सुटलीस गं बाई एकदाची."

माझ्या जिभेला हाड नाही, हे आई म्हणायचीच. तू मान वर करून बघितलंस. त्यानंतर आजतागायत बघितलं नाहीस.

ताई


१७ सप्टेंबर, रविवार

मुंगे,

चौदा चुका! माझंच पत्र मला परत पाठवतेस, लाल पेनाने चौदा चुका काढून, आणि आपला एक शब्द लिहीत नाहीस! पाकीट घाईघाईने फोडलं. म्हटलं मुंगीने लिहिलं. बघते तो ऱ्हस्व-दीर्घाची यादी. आणि खाली? शेरासुद्धा नाही. निदान 'समाधानकारक' तरी लिहायचं होतंस.

दिवसभर चिडचिड केली. संध्याकाळी परत काढून बघितलं. तू एकेक ओळ वाचली आहेस. 'सुटलीस' या शब्दाखाली पेन जरा जास्त वेळ टेकलंय, शाईचा ठिपका पडलाय. तिथे चूक नाहीच आहे काही.

मग आठवलं, मी दुसरीतून शाळा सोडली ती तुला सांभाळायला. आई कामावर जायची. मोठेपणी तू डी.एड. करत होतीस, तेव्हा ओट्यापाशी उभी राहून मला म्हणालीस, "ताई, तुला दुकानाची पाटी वाचता येत नाही हे मला चालणार नाही." रोज अर्धा तास. मी तुझ्यावर ओरडायचे, पिठाचे हात तुझ्या वहीला लावायचे. तू सोडलं नाहीस. आज मी तुला भांडण लिहू शकते, ते तुझ्यामुळे. हे मी कधी बोलले नाही. थँक्यू म्हणायला मला लाज वाटते, पण लिहायला वाटत नाही असं आता कळलं. तेव्हा थँक्यू. बरोबर लिहिलं ना?

आता त्या दिवसाचं सांगते, बावीस ऑगस्टचं. तुला किती आठवतंय ठाऊक नाही, म्हणून सगळंच सांगते.

टोपी लावून मी बाहेर गेले, माझं काम तेवढंच. गोळी घेऊन दीड तास झाला असेल. काचेपलीकडे मशीनवाले बसतात, त्यांना तू दिसत नाहीस, फक्त तुझ्या लाटा दिसतात. कॅमेऱ्यातही पायाकडचंच दिसतं, तोंड टिपायचं नाही असा नियम आहे. ते म्हणाले, "सव्वीसचा मागचा एक दिवा लाल झालाय, जरा मलम घाला." मी आत आले. तू पडलेली, डोळ्यांवर काळी पट्टी. नर्सबाई खुर्चीत. ती म्हणाली, "आलाच आहात तर दोन मिनिटं बसा, मी जाऊन येते." घरून तिला सारखे फोन येत होते. दोन मिनिटांची वीस झाली.

मी दिवा हिरवा केला. निघणार तेवढ्यात तू मनगट धरलंस.

"कोण?"

"टोपीवाली."

"खोटारडी."

मी मलमाची सुई खाली ठेवली. मग तू म्हणालीस, "ताई, भिंत श्वास घेतेय."

"घेऊ दे. तिलाही लागत असेल."

हसलीस तू. खरंच हसलीस, लहानपणी हसायचीस तशी, नाकातून. आणि हसता हसता ते रडणं कधी झालं ते कळलं नाही. आणि मग बोललीस ते मी अक्षरन् अक्षर सांगते, त्यात माझं काही नाही.

म्हणालीस, "तू म्हणायच्या आधीच मी मनात तेच म्हटलं होतं. सुटले एकदाची. शब्दसुद्धा हेच. त्यांचं तोंड झाकायच्या आधी. आणि तू सगळ्यांसमोर तेच बोललीस. मला वाटलं, मला उघडं पाडलंस. मग तुझं तोंड बघितलं की मला माझंच तोंड दिसायचं."

तुला हुंदका आवरेना. पलंग हलायला लागला. मी उशाशी बसले आणि तुला थोपटायला लागले. टोपीवरूनच, मागच्या बाजूला. दुसरं काही मला सुचलं नाही. तू शांत झालीस. मी थोपटत राहिले. नर्सबाई दारात दिसली तेव्हा उठले.

मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. बोलायचं होतं. पण बैठकीत, म्हणजे माणूस गोळी घेऊन पडलेला असताना, आपल्याकडून त्याला काही सुचवायचं नाही, असा नियम आहे. बाकीचे सगळे मोडून झाल्यावर मी तेवढा एक पाळला. म्हणून आता लिहिते. मुंगे, माझं चुकलं. शब्द खरा होता, पण तो बोलायचा हक्क तुझा होता, माझा नव्हता. चार वर्षं तू काढलीस. मी काय, महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचे.

तुला मिळालं ते औषध होतं की पांढरी पूड, कुणास ठाऊक. कुणाला काय दिलं ते लिहिलेली पाकिटं शेवटी फोडतात. मला त्याचं काही नाही. तू ते बोललीस, मी ऐकलं. सात वर्षांत मला इतकं मोठं काही कुणी दिलं नाही.

ताई


२० सप्टेंबर, बुधवार

मुंगे,

घोळ झालाय. सरळ सांगते.

सोमवारी सगळ्यांना बोलावलं. मी धुतलेल्या टोप्यांची बादली घेऊन दाराशी उभी. डॉक्टरबाईंनी भिंतीवर लाटा लावल्या. त्या एरवी शांत बाई, पण तेव्हा नव्या सायकलवर बसलेल्या पोरीसारख्या झाल्या होत्या.

"हे बघा. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला अशी नीटस लाट येते. औषध चढलं की ती मोडते, सगळं बारीक आणि विस्कटलेलं. हे आपल्याला माहीत आहे. आता सव्वीस बघा. मोडली, मोडली, आणि हे! अकरा मिनिटं. मोठ्या, संथ, सेकंदाला एक. घड्याळ लावून घ्या."

मशीनवाले डोकं खाजवत म्हणाले, "अशा गाढ झोपेत दिसतात. पण या बाई तर जाग्या होत्या, मध्ये बोलल्याही आहेत, जबडा हलल्याच्या खुणा आहेत लाटांत. वायर हलली नसेल ना?"

"अकरा मिनिटं वायर एका तालात हलेल का? नर्सबाई, तुमच्या वहीत काय आहे?"

नर्सबाई म्हणाली, "सर्व शांत." आणि खाली बघायला लागली.

"पुढच्या महिन्यात परिषदेत मी हेच दाखवणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं आपल्याकडे कुणातच दिसलेलं नाही."

मुंगे, मी त्या भिंतीकडे बघत होते आणि माझा हात आपोआप बादलीच्या कडेवर ताल धरत होता. सेकंदाला एक. ती तुझ्या डोक्यातली लाट नाही. तो माझा हात आहे. टोपीवरून थोपटलं, ते मशीनने इमानदारीत टिपून ठेवलं. आणि आता शिकलेली माणसं माझं थोपटणं जगाला दाखवायला निघाली आहेत.

दोन दिवस गिळून बसलेय. सांगितलं तर तू माझी बहीण हे बाहेर पडणार. दोघी खोटं बोललो हे बाहेर पडणार. तुझा नंबर खोडतील, तुझी दुसरी बैठक जाईल. प्रत्येकाच्या दोन असतात, एक औषधाची, एक पुडीची, आणि तुझी एक बाकी आहे. पहिलीत पूड असेल तर खरं औषध दुसरीतच मिळणार. ते तुझ्या हातून माझ्यामुळे जाईल, हेच मला खातंय. माझ्या नोकरीचं मी बघून घेईन, केस काय कुठेही धुता येतात.

पण न सांगून कसं चालेल? ही बाई मला बोट धरून लाटा वाचायला शिकवते. माझ्यासारखीला. तिला मी भर सभेत तोंडावर पाडू?

उद्या सांगणार. तुला आधी कळावं म्हणून हे आजच टाकतेय. या खेपेला तरी तुझी गोष्ट तुझ्याआधी चारचौघांत नको.

ताई


२४ सप्टेंबर, रविवार

मुंगे,

सांगितलं.

डॉक्टरबाई जेवणाचा डबा उघडत होत्या. मी म्हटलं, "ती लाट माझी आहे."

"कुठली लाट?"

"सव्वीसची. मी थोपटत होते. आणि ती माझी सख्खी बहीण आहे."

डबा तसाच राहिला. मग इतकंच म्हणाल्या, "दाखवा." स्वतः खुर्चीत बसल्या. मी त्यांना टोपी लावली, चौसष्ट दिवे हिरवे केले आणि मागे बसून थोपटायला लागले. काचेपलीकडून मशीनवाल्यांचा आवाज आला, "येतेय! हुबेहूब तीच!"

मी थांबले. तर डॉक्टरबाई डोळे मिटून म्हणाल्या, "थांबू नका. अजून थोडं. खात्री करायला हवी." चांगली दहा मिनिटं खात्री करून घेतली त्यांनी.

मग रागावल्या. चांगल्या रागावल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी खाली मान घालून ऐकलं, वाद घातला नाही. तुझा विश्वास बसणार नाही, पण विचार कुणालाही. नर्सबाईचं नाव मी घेतलं नव्हतं. तिने दारातून ऐकलं आणि स्वतः आत येऊन म्हणाली, "मी खोलीत नव्हते. वहीत खोटं लिहिलं." नाही तर सगळं माझ्या एकटीच्या माथी गेलं असतं.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "परिषदेत हजार माणसांसमोर मी तुमचं थोपटणं दाखवलं असतं. वाचवलंत मला." मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, "जेवा आता, गार झालं."

आता ठरलं ते असं. ती अकरा मिनिटं कापून टाकतील. तुझ्या बाकीच्या लाटा ठेवायच्या की सगळंच टाकायचं आणि तुला दुसरी बैठक द्यायची की नाही, हे इथले नियम बघणारी समिती शुक्रवारी ठरवणार. माझं काय करायचं तेही त्याच दिवशी. तुझ्या टोपीला मी पुन्हा हात लावायचा नाही, हे आत्ताच ठरलंय, आणि ते बरोबर आहे. डॉक्टरबाई तुझ्या बाजूने बोलणार आहेत. पण तुझ्याकडून लेखी हवं, की टोपी लावणारी बाई माझी बहीण आहे हे मला ठाऊक होतं, मी ते लपवलं, आणि तरीही मला पुढे यायचं आहे. तुझ्याकडून काही आलं नाही तर सव्वीस नंबर खोडला जाईल. त्याला इलाज नाही.

कागद सोबत जोडलाय. यायचं नसेल तर तसं लिही, मी भांडणार नाही. पण तुझ्या लाटा त्यांच्या उपयोगाच्या आहेत, असं मशीनवाले दोनदा म्हणाले. आणि तुला त्यांचा उपयोग आहे, असं मी म्हणते.

कागदावर शेवटी एक रकाना आहे: 'बैठकीनंतर घरी नेणारी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सोबत राहणारी व्यक्ती.' त्याशिवाय इथून कुणाला सोडत नाहीत. गेल्या वेळी तू तिथे शाळेतल्या कुणाचंतरी नाव घातलं होतंस. त्या बाईंनी तुला टॅक्सीतून नेलं, मी जिन्यावरून बघत होते. भली बाई दिसली, दार उघडून धरलं तिने तुझ्यासाठी. तिचेही आभार मानायचे राहिलेत.

या वेळचा रकाना रिकामा आहे. मी डॉक्टरबाईंना विचारलं, टोपीला हात लावायचा नाही, पण घरी न्यायला चालेल का? म्हणाल्या, "ते सव्वीस नंबरने लिहिलं तर चालेल. तुम्ही लिहून चालणार नाही." त्यामुळे मी काही लिहिलेलं नाही. पेन हातात घेऊन खाली ठेवलं.

दुसरी बैठक दहा ऑक्टोबरला. माझी त्या दिवशी सुट्टी टाकून झालीय. वाया गेली तर गेली.

गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, पाच वाजता डॉक्टरबाई कागदांचं कपाट बंद करतात. त्याच्या आत मला त्या रकान्यात नाव लिहिलेलं हवंय. माझं किंवा दुसऱ्या कुणाचं, पण तुझ्या अक्षरात. टपालावर भरवसा नसेल तर स्वतः आणून दे. मी खालीच असेन, बेसिनपाशी.

ताई